मुंबईत ए.ए.ची मीटिंग कशी शोधायची, आणि ती सहज दिसत का नाही

लोकलच्या डब्यात दाराजवळ चिकटवलेला तो कागद बहुतेक मुंबईकरांनी पाहिलेला असतो. 'दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता', आणि खाली एक मोबाइल नंबर. पैसे घेऊन कसली तरी पावडर देणाऱ्याचा नंबर असा रोज डोळ्यांसमोर येतो. पण याच आजारातून बाहेर पडलेली माणसं जिथे दर आठवड्याला एकत्र बसतात आणि नवख्याला एक रुपयाही न घेता जवळ करतात, त्या ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या) खोलीचा पत्ता शेजारच्या इमारतीतल्या माणसालाही माहीत नसतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेलं व्यसनांचं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दारूवर अवलंबून झालेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठल्या तरी स्वरूपाची मदत मिळाल्याचं त्यात दिसलं. बाकीच्यांच्या वाट्याला बहुतेकदा टोमणे येतात, देवासमोर घेतलेली शपथ येते, नाहीतर ती पावडर. म्हणून हा लेख. मीटिंग म्हणजे काय, मुंबईत ती कशी गाठायची आणि जाण्याआधी मनात येणाऱ्या शंकांचं काय करायचं, हे सरळ सांगते.

मीटिंग म्हणजे नेमकं काय

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांची आपापसातली संघटना. सुरुवात १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी झाली. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस कामासाठी तिथे गेला होता. काम फिसकटलं, दारूची ओढ लागली, तेव्हा त्याने बोलायला दुसरा पिणारा शोधला. तो होता शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, बॉब स्मिथ. एका पिणाऱ्याने दुसऱ्याला स्वतःची हकीकत सांगितली की सांगणाऱ्याचा त्या दिवसाचा प्याला टळतो, हे त्या दोघांना उमगलं. आजही सगळं त्यावरच उभं आहे. भारतात ए.ए. आलं १९५७ साली.

रचना समजायला चाळीतलं भजनी मंडळ डोळ्यांसमोर आणा. त्याला मालक नसतो, फी नसते, ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी माणसं जमतात. ज्याला म्हणायचं तो म्हणतो, ज्याला नुसतं ऐकायचं तो ऐकतो. चहापाणी आणि जागेचा खर्च जमलेल्यांच्या वर्गणीतून निघतो. ए.ए.ची मीटिंग तशीच चालते. सभासद व्हायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. ती सोडलेली असावी अशी अट नाही. मीटिंगच्या शेवटी पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात टाकायचे तर टाका, नवख्याने टाकले नाहीत तरी कोणी वळून बघत नाही. बाहेरच्या कुणाची देणगी ए.ए. घेत नाही. सरकारची नाही, कंपनीची नाही, कृतज्ञ बायकोचीसुद्धा नाही.

नुसतं बोलून काय होतं, असं विचारणाऱ्यांचं मला नवल वाटत नाही. पण पिणाऱ्या माणसाचा दिवस पाहा. घरी बायको बोलते, आई रडते, ऑफिसात साहेब ताकीद देतो, मित्र 'आज शेवटची' म्हणून बसवतो. त्याच्याशी सगळे बोलत असतात, आणि त्यातल्या कुणालाच सकाळी सहा वाजता देशी दारूच्या दुकानाचं शटर वर जायची वाट पाहणं म्हणजे काय ते माहीत नसतं. मीटिंगमध्ये ते माहीत असलेली माणसं असतात. ती उपदेश करत नाहीत, स्वतःचं सांगतात. याला तिथे शेअरिंग म्हणतात. आयुष्यभराची प्रतिज्ञा कोणी मागत नाही, फक्त आजचे चोवीस तास प्यायचं नाही एवढंच. आधीपासून सोबर असलेला, म्हणजे दारूपासून पूर्ण दूर राहिलेला, एक जण नवख्याला फोनवर, भेटून हाताशी धरतो, तो त्याचा स्पॉन्सर. शिवाय बारा पायऱ्या आहेत. स्वतःची हार कबूल करण्यापासून, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करण्यापर्यंत आणि पुढच्या पिणाऱ्याला मदत करण्यापर्यंत त्या जातात. पहिल्या दिवशी त्या पाठ करायची गरज नाही.

मग बाहेर बोर्ड का नसतो

नावातच अनामिकपणा आहे. ए.ए.च्या परंपरांनुसार सभासद वर्तमानपत्रात, टीव्हीवर आपलं पूर्ण नाव किंवा चेहरा ए.ए.चा म्हणून देत नाही, आणि संघटना स्वतःची जाहिरातबाजी करत नाही. तुमच्या मजल्यावरचे काका वीस वर्षं सोबर असतील आणि दर गुरुवारी 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणून जात असतील, तुम्हाला कळणार नाही. जी गोष्ट मीटिंग शोधायला अवघड करते, तिच्यामुळेच तिथे जाणारा सुरक्षित असतो. तुमचंही नाव असंच झाकलं जाणार आहे.

मुंबईत शोधायची कशी

सर्वांत खात्रीचा मार्ग फोनचा. ए.ए.चं भारतातलं मुख्य सेवा कार्यालय मुंबईतच आहे. त्यांच्या वेबसाइटवर हेल्पलाइनचे नंबर आणि मीटिंगची माहिती मिळते. शोधताना 'ए.ए. इंडिया' असं टाका. वर जाहिराती येतात, त्यातल्या बऱ्याचशा खासगी व्यसनमुक्ती केंद्रांच्या असतात आणि काहींना 'ए.ए.' हा शब्द वापरून गिऱ्हाईक हवं असतं. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पैसे. फोनवर पहिल्या दोन मिनिटांत ॲडमिशन, पॅकेज, गाडी पाठवतो अशी भाषा सुरू झाली तर तो ए.ए.चा फोन नाही, फोन ठेवा.

हेल्पलाइनवर बहुतेक वेळा पगारी माणूस नसतो, स्वतः दारू सोडलेला कोणीतरी असतो. नाव सांगायची गरज नाही. त्याला इतकंच विचारा: माझ्या स्टेशनजवळ कुठल्या वारी, किती वाजता मीटिंग आहे, मराठीत आहे की हिंदी, इंग्रजीत, आणि ती खुली आहे की बंद. बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते, खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, डॉक्टर, विद्यार्थी, कोणीही बसू शकतं. मग विचारा, खोली नेमकी कुठे. हा प्रश्न मुंबईत सर्वांत महत्त्वाचा. पत्ता 'अमुक शाळा' एवढाच असतो, आणि संध्याकाळी शाळेचं पुढचं फाटक बंद असतं. मागच्या गल्लीतून आत जाऊन, पाण्याच्या टाकीच्या बाजूने दुसऱ्या मजल्यावर, असा खरा पत्ता असतो. पहिल्यांदा निघालेला माणूस बंद फाटक पाहून परत फिरला तर पुन्हा कधी निघेल सांगता येत नाही. त्यामुळे शक्य असेल तर 'कोणी स्टेशनवर घ्यायला येईल का' असंही विचारा. येतात. नवख्याला घेऊन जाणं हा त्यांच्या स्वतःच्या सोबर राहण्याचाच भाग आहे, ते उपकार करत नसतात.

इंटरनेटवरची जुनी यादी पाहून थेट जाऊ नका. जागा परक्यांच्या असतात. शाळेत परीक्षा असली, हॉलमध्ये लग्न असलं, गणपतीत मंडळाने जागा घेतली, की मीटिंग हलते.

ए.ए. हा एकमेव रस्ता नाही. वांद्र्याला माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे, तिथे बारा पायऱ्यांबरोबर अय्यंगार पद्धतीचा योग शिकवतात. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथून उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांचे फॉलोअप गट पुण्याबाहेरही चालतात, आपल्या भागात कुठे ते मुक्तांगणला फोन करून विचारावं. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत.

हात थरथरत असतील तर आधी डॉक्टर

हा भाग कृपा करून गाळू नका. रोज भरपूर पिणारा माणूस मीटिंगला जाऊन जोशात आला आणि त्याच रात्री एकदम बंद केली, तर ते जिवावर बेतू शकतं. शरीर दारूशी जुळवून घेतं आणि ती अचानक तोडली की मज्जासंस्था उसळते. सहा ते बारा तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना नसलेली माणसं, किडे दिसू लागतात, ताप चढतो, वेळकाळाचं भान जातं. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली, आणि माणूस दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे जातो.

सकाळी हात कापतात आणि थोडी घेतल्यावरच थांबतात, किंवा पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती, अशा कुणीही आपल्या मनाने एकदम सोडू नये. केईएम, सायन, नायर, जे.जे. अशा सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते. केसपेपर काढा आणि किती, किती वर्षं, शेवटची कधी हे खरं सांगा. डॉक्टर काही दिवस हळूहळू कमी होत जाणाऱ्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात, गरज वाटली तर दाखल करून घेतात. शरीर सावरतं ते डॉक्टरांकडे, पुढची महिनोन्‌महिन्यांची सोबत मीटिंगची. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. मीटिंगमधला एखादा जुना सभासद 'गोळ्याही बंद कर, तेही व्यसनच' म्हणाला तर ऐकू नका. कोणाची औषधं ठरवणं हे ए.ए.चं काम नाही, असं ए.ए. स्वतःच सांगतं.

पहिल्या दिवशी काय होतं

मी खुल्या मीटिंगला बसलेली आहे, म्हणून एवढं सांगू शकते. शाळेचा वर्ग, चौथीच्या मुलांची बुटकी बाकं, त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठी माणसं. फळ्यावर सकाळचं गणित तसंच. एकाने पिशवीतून गुंडाळलेलं कापडी फलक काढून फळ्याच्या खिळ्याला अडकवलं, त्यावर बारा पायऱ्या. दुसऱ्याने थर्मासमधून कागदी कपात चहा ओतला. दारात घुटमळणाऱ्या एका तरुणाला कोणीतरी म्हणालं, "या ना दादा, पहिल्यांदाच आलात? इकडे पंख्याखाली बसा." पुढे त्याला एक शब्द विचारला नाही.

मग प्रार्थना, थोडं वाचन, आणि एकेक जण उठून बोलला. 'माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे' अशी सुरुवात. मध्येच कोणी सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तास-दीड तासात संपतं. कोणाची सोबर राहिल्याची वर्षं पूर्ण झाली असतील तर त्याचा वाढदिवस म्हणून टाळ्या, कधी केक. काय बोलले ते लिहिणार नाही. जे इथे ऐकलं ते इथेच ठेवा, असं तिथे सांगितलं जातं.

बोलायची पाळी आली तर 'आज फक्त ऐकतो' म्हणायचं. पुरे असतं. पिऊन गेलं तर? शांत बसलात तर सहसा बाहेर काढत नाहीत. निघताना दोन-तीन जणांचे नंबर घ्या, आणि ते घेतले तर ओढ लागेल तेव्हा खरोखर लावा.

आवडलं नाही तर तो गट तुमचा नाही एवढाच अर्थ घ्या. प्रत्येक गट स्वतंत्र असतो. कुठे सगळे साठीच्या पुढचे, कुठे सगळे इंग्रजीत, कुठे एकच जण अर्धा तास घेतो. चार-पाच वेगळ्या मीटिंगला जाऊन मगच ठरवा, असं मी आग्रहाने सांगेन.

'मी श्रावण पाळतो, मला व्यसन कसं असेल?'

आपल्याकडची ही सर्वांत मोठी शंका. महिनाभर हात लावत नाही, म्हणजे माझ्या ताब्यात आहे. पण दारूवर अवलंबून असलेले कित्येक जण महिनाभर थांबू शकतात, तारीख माहीत असली की मन धीर धरतं. प्रश्न त्या महिन्याच्या दोन्ही टोकांना आहे. गटारीच्या रात्री किती होते? श्रावण संपल्यावर पहिल्या दिवशी किती होते? 'दोनच' ठरवून बसल्यावर दोनवर उठता येतं का? याची उत्तरं बायकोला विचारली तर जास्त खरी मिळतील. श्रावणाचा उपयोग मात्र जरूर करा. थांबलेलाच आहात तर त्याच महिन्यात मीटिंग गाठा, डोकं शांत असतं.

'ओळखीचं कोणी भेटलं तर?'

भेटलं तर तेही त्याच कारणासाठी आलेलं असेल. हजेरीपट नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, ऑफिसला काही कळवलं जात नाही. तरीही संकोच वाटत असेल तर मुंबईची लोकल हाताशी आहे. डोंबिवलीत राहत असाल तर घाटकोपरला जा, बोरिवलीचे असाल तर अंधेरीला. कित्येक जण सुरुवात अशीच करतात. एक सावधगिरी सांगायला हवी. मीटिंगला येणाऱ्यांची चौकशी कोणी केलेली नसते, येणारी सगळी साधुसंत नसतात. पैसे उसने देऊ नका, घरचा पत्ता लगेच देऊ नका.

बायकांना हा संकोच दुप्पट असतो. पुरुष प्यायला तर 'लागली सवय', बाई प्यायली तर थेट चारित्र्य. फोन करताना 'एखाद्या महिला सभासदाशी बोलायचं आहे' असं सांगा आणि फक्त स्त्रियांसाठीची मीटिंग, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन, आहे का ते विचारा. स्त्रीने स्पॉन्सर म्हणून स्त्रीच निवडावी, असं ए.ए.तही सुचवतात.

'चर्चमध्ये असते म्हणे. धर्माचं आहे का?'

मुंबईत काही मीटिंग चर्चच्या आवारात भरतात, कारण तिथे खोली मिळते. कोणाचा धर्म विचारत नाहीत. बारा पायऱ्यांत देव आहे हे खरं, मुळं एका ख्रिस्ती चळवळीत आहेत हेही खरं. पण शब्द आहेत 'आपल्याला जसा समजला तसा देव'. कोणाचा विठ्ठल असतो, कोणी समोर बसलेल्या गटालाच ती शक्ती मानतो. गळ्यात माळ घालून सोडलेलेही तिथे येतात. देव हा शब्दच नको असेल तर स्मार्ट रिकव्हरी या देवाचा आधार न घेणाऱ्या गटाच्या ऑनलाइन मीटिंग असतात, किंवा रुग्णालयातली समूहचर्चा आहे.

'याने खरंच सुटते का?'

कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. २०२० साली तिने २७ अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं, असं पाहिलं. ए.ए.शी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के माणसं वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त होती, समुपदेशनासारख्या इतर उपचारांत ३५ टक्के. म्हणजे मीटिंग तज्ज्ञ उपचारांच्या तोडीची, किंचित सरस, आणि तीही फुकट. पण निम्म्याहून जास्त जण वर्षभरात कधी ना कधी प्यायलेच. मीटिंगच्या भाषेत ती स्लिप. स्लिप झाली की लाजेने तोंड लपवून बसण्याचे दिवस सर्वांत धोक्याचे, कारण पुन्हा सुरू झालेली दारू थांबवायला तेव्हा शेजारी कोणी नसतं. दुसऱ्याच दिवशी जा. स्लिपनंतर परत येऊन बसायची ती खुर्ची तिथल्या बहुतेकांना माहीत असते.

'तो यायलाच तयार नाही'

हे वाचणाऱ्यांत पिणाऱ्यापेक्षा त्याच्या घरचे जास्त असतील, मला ठाऊक आहे. तुमच्यासाठी वेगळ्या मीटिंग आहेत. अल-अनॉन ही पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची संघटना १९५१ पासून आहे, तिच्यातच किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. मुक्तांगणचा बायकांसाठी सहचरी गट आहे. तो सोडो न सोडो, तुम्ही जाऊ शकता. हा आजार मी आणला नाही, मी तो आवरू शकत नाही, मी तो बरा करू शकत नाही, हे अल-अनॉनमध्ये पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतं. नवऱ्याच्या ऑफिसात 'ताप आहे' म्हणून फोन करणारी, त्याची उधारी गुपचूप फेडणारी बाई हे पहिल्यांदा ऐकते तेव्हा तिच्या खांद्यावरचं किती ओझं उतरतं ते मी पाहिलं आहे.

त्याच्याशी बोलायचं तर प्यायलेला असताना नको. सकाळी, थोडक्यात. "अहो, रविवारी मी त्या खुल्या मीटिंगला जाऊन बसणार आहे. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार." आणि खरोखर जा. मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट पाहू नका, ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा.

आणि ती पावडर. तिच्यात काय आहे ते विकणाराही सांगत नाही. डायसल्फिरम नावाचं औषध असतं, त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदय कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते तपासण्या करून, रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. भाजीत कालवून दिलं तर त्याला माहीतच नाही की आज प्यायचं नाही. तुमच्या मायेने केलेली गोष्ट त्याला आयसीयूत नेऊ शकते.

जवळपास मीटिंगच नसेल तर

विरारच्या पुढे, बदलापूर-टिटवाळ्याकडे, किंवा शिफ्टमुळे वेळ जुळत नसेल तर फोनवर चालणाऱ्या ऑनलाइन मीटिंग आहेत. कोरोनाच्या काळात त्या फार वाढल्या. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकता येतं. दहा बाय दहाच्या खोलीत एकांत मिळत नसेल तर हेडफोन लावून इमारतीच्या गच्चीवर बसा. पण आठवड्यातून निदान एकदा समोरासमोरच्या मीटिंगला जायचा प्रयत्न करा, चहाच्या कपाभोवतीचं बोलणं फोनवर होत नाही. आणि काही महिने टिकल्यावर आपल्याच भागात गट हवा असं वाटलं, तर त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. दारू सोडू पाहणारे दोघे-तिघे एकत्र बसले तरी ए.ए.चा गट होऊ शकतो. खोली शोधायची, वार ठरवायचा आणि कार्यालयाला कळवायचं, म्हणजे हेल्पलाइनवर फोन करणाऱ्या पुढच्या माणसाला तुमच्या स्टेशनचं नाव सांगता येतं.